हजाराचा पैलवान

“संस्थानाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकू नका, म्हणजे झालं,” तात्या वकील म्हणाले आणि त्यांनी नोटीस माझ्याकडं सरकवली. “इथं सांगलीत तुमच्या केसाला धक्का लावायचा अधिकार साताऱ्याच्या साहेबाला नाही.”

दाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, हंबीरराव पैलवान. वकिलांनी त्यांना खुर्ची दिली होती, पण एकदा कुणाच्या तरी घरची खुर्ची मोडल्यापासून ते परक्याकडं जमिनीवरच बसत.

“बाहीर जायाचं न्हाई, म्हंजी किती दिस?” त्यांनी विचारलं.

“कायमचं.”

“मग कुस्त्या कुठं करू? तुमच्या ओसरीवर?”

वकील हसले. मला हसू आलं नाही. जर्मन-जपानची लढाई नुकतीच संपली होती. सांगली राजेसाहेबांची, आणि चार कोस चाललं की इंग्रज सरकारचा सातारा जिल्हा सुरू. सांगलीत वर्षाकाठी मैदानं व्हायची दोन. बाकी साऱ्या जत्रा वाळव्याकडं, तासगावाकडं, कऱ्हाडाकडं, म्हणजे सरकारी मुलखात. पैलवानाला हद्दीबाहेर जाऊ नको म्हणणं म्हणजे घरी बसून शेंगा फोड म्हणणं.

नोटीस इन्कमटॅक्सची होती. आमच्या तालमीत हा प्रकार कुणाच्या बापानं ऐकला नव्हता. वस्ताद म्हणाले, म्युन्सिपालटीची पट्टी असेल, देऊन मोकळं व्हा. मी हळदीच्या अडतीवर कारकून, मला चार अक्षरं जास्त कळायची, म्हणून मी दाजींना वकिलाकडं ओढत आणलं होतं.

“हद्दीपलीकडं तुमच्या नावावर काही आहे का?” वकिलांनी विचारलं.

“रान हाय. सासऱ्यानं दिल्यालं. वाळव्याकडं.”

“मग गेलात नाही तर ते जप्त होईल. साहेबानं वर्षभराची हँडबिलं गोळा केलीत. प्रत्येकावर छापलंय, ‘हंबीरराव पैलवान, इनाम रुपये एक हजार.’ एवढ्या मिळकतीवर चांगला घसघशीत टॅक्स बसतो, वर न सांगितल्याबद्दल दंड.” त्यांनी चष्मा काढला. “मला खरं सांगा पैलवान. हे हजार तुमच्या हातात पडत होते का?”

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली फरशीकडं पाहत म्हणाले, “पडत हुतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण वकिलासमोर काय बोलणार?

कृष्णेच्या घाटावर आल्यावर मात्र मी तोंड सोडलं. “दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? कवा मिळालं हजार? दीडशाच्या वर तुमच्या हातात एक पै पडलेली मी बघितली न्हाई!”

“हळू बोल की लेका. लोकं ऐकत्यात.”

“ऐकू द्या! रान जातंय तिकडं!”

“रान जाईल. नाव ऱ्हाईल.”

त्या नावाची गोष्ट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, कारण सौदा करताना मीच शेजारी बसलो होतो. चार वर्षांमागची गोष्ट. वाळव्याकडच्या नाथाच्या जत्रेचे पंच आप्पासो सुपारी घेऊन आले होते. दाजींची चाळिशी जवळ आलेली, दम कमी पडायला लागलेला. आप्पासोंनी दोनशे रुपये कबूल केले आणि म्हणाले, हँडबिलावरही दोनशेच छापतो. दाजींचा चेहरा उतरला. आदल्या साली त्यांच्या नावापुढं पाचशे छापले होते. आमच्याकडं पैलवानाला आकड्यानं ओळखतात. हा पाचशेचा पैलवान, तो हजाराचा पैलवान. आकडा खाली आला की माणसं म्हणतात, संपला. कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा मग अदबीनं बोलत नाही.

दाजी तेव्हा म्हणाले, “आप्पासो, पन्नास कमी द्या. दीडशेच द्या. पर हजार छापा.”

आप्पासोंना काय, बरंच झालं. हजाराची कुस्ती म्हटल्यावर पंचक्रोशी लोटली, मैदानात मुंगीला वाट नव्हती. मग दुसऱ्या जत्रांनीही तोच आकडा धरला. पैसे दीडशे, कधी सव्वाशे, कागदावर मात्र हजार. माझ्या म्हाताऱ्या बापानं ती हँडबिलं पाहिली, त्याची छाती फुगली, आणि आक्काला द्यायचं रान त्यानं ‘हजाराच्या जावया’च्या नावावर करून टाकलं. मरेपर्यंत म्हातारा तेच सांगत होता.

आणि आक्का? माझी बहीण साळूबाई. तिलाही हजारच ठाऊक. जत्रेहून आले की दाजी तिच्या हातावर दीडशे ठेवत आणि उठून गोठ्यात जात. चार वर्षं ती एकच प्रश्न विचारत होती, “बाकीचं कुठं जातंय?” दाजी म्हणत, “खर्च असतोय.” मग कुणीतरी तिच्या कानात भरवलं की मिरजेत पैलवानानं बाई ठेवली आहे. तिनं मला खोदून खोदून विचारलं. पण दाजींनी मला गळ्याची आण घातली होती. बायकोनं बदफैली समजलं तरी चालेल, पण दीडशेचा समजायला नको! असला माणूस. काय म्हणावं?

त्या दिवशी घरी नोटिशीची गोष्ट निघाली तेव्हा आक्का भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही.

“म्हंजी सरकारबी तेच इचारतंय,” ती म्हणाली. “पैसं कुठं गेलं.”

“आक्का, तसं न्हाई—”

“तू गप ऱ्हा. तू त्यांच्यातलाच.” ती दाजींकडं वळली. “रान माझ्या बाचं हाय. तुमी केलेला पैसा कुणाच्या घरात गेला असंल त्यो असंल. पर त्याचा दंड माझ्या बाच्या रानानं भरायचा न्हाई. मी येणार साताऱ्याला. साहेबापुढं काय सांगताय, ते माझ्या कानानं ऐकणार.”

“बायकांचं तिथं काय काम?”

“मग नगा जाऊ. बसा इथं. पर मी तुमच्या घरात ऱ्हाणार न्हाई.”

दाजींनी समोरचं ताट बाजूला केलं आणि न जेवता उठले. मी त्या माणसाला अन्नावरून उठताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मिरजेहून आम्ही गाडी धरली. दाजींनी रेशमी फेटा बांधला होता, नाथाच्या जत्रेत मिळालेला. आक्का डब्यात आमच्याकडं पाठ करून बसली होती. सातारा रोड स्टेशनावर उतरून मोटारीनं साताऱ्यात पोचलो. वाटेत मी एकदा दाजींच्या कानाशी लागलो, “खरं सांगून टाका. दीडशे धरून हिशोब केला तर टॅक्स बसतच न्हाई, तेवढी मिळकत सरकार सोडून देतंय.” त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात आणखी एक आफत उभी होती. साताऱ्याच्या तालमीतले पाचसहा पोरगेले पैलवान, हजाराचा पैलवान बघायला आलेले. एकेकानं वाकून दाजींच्या पायाला हात लावला. दाजींची पाठ आपोआप ताठ झाली. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस खरं बोलत नाही. पोरं खिडकीशी जाऊन उभी राहिली. आक्का दाराबाहेर जमिनीवर बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढून.

आत आप्पासो आधीच येऊन बसले होते. जत्रेचे पंच म्हणून साहेबानं त्यांना साक्षीला बोलावलं होतं. कोट, उपरणं, कपाळाला भंडारा.

साहेब माझ्याच वयाचा, किडकिडीत, चष्मेवाला. कुस्ती त्यानं जन्मात पाहिलेली नसावी. पण माणूस उर्मट नव्हता. एकेक हँडबिल उचलून त्यानं दोन ढीग करायला सुरुवात केली.

“कोल्हापूर. संस्थान, हे बाजूला. मिरज. हेही बाजूला. कऱ्हाड, हे आमचं. तासगाव, आमचं.”

दाजींना राहवलं नाही. “साहेब, माती तीच, अंगाला लागलेली. मिरजेची धरत न्हाई आन कऱ्हाडची धरताय, ही काय रीत?”

“तुम्ही राहता कुठं हा प्रश्न नाही, पैलवान. पैसा आमच्या हद्दीत कमावलात, तर त्यावर कर आमचा. संस्थानात कमावून तिथंच ठेवला, तर आम्ही विचारत नाही.” साहेबानं टाक उचलला. “त्यातून खर्च वजा करतो. रेल्वेचं भाडं सांगा.”

भाडं मी सांगितलं. मग म्हटलं, “आन खुराक? बदाम, तूप, दूध?”

“तो घरखर्च. धरता येणार नाही.”

“साहेब, बदाम बंद केलं तर कुस्ती हुईल का?” दाजी म्हणाले.

“मी जेवलो नाही तर मलाही कचेरीत येता येणार नाही. सरकार मला भाताचे पैसे सोडतं का?”

खिडकीतली पोरं खुसखुसली. साहेबही जरा हसला. मग हसणं पुसून त्यानं नाथाच्या जत्रेचं हँडबिल समोर धरलं आणि आप्पासोंकडं वळला. “हे इनाम तुमच्या पंच कमिटीनं दिलं?”

“दिलं की.”

“किती?”

“छापलंय त्येवढं. हजार.” आप्पासोंनी एकदाही डोळा लवू दिला नाही. “आमच्या जत्रंत खोटं चालत न्हाई साहेब. हजार म्हंजी हजार. भर मैदानात, धा हजार लोकांच्या म्होरं, पैलवानाच्या वट्यात घातलं.”

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. हजार खोटे म्हटले तर जत्रेची अब्रू जायची आणि पुढच्या साली माणूस फिरकायचा नाही. पण त्या अब्रूपायी माझ्या बहिणीचं रान जाणार होतं. मला वाटलं, उठावं आणि टेबलावर हात आपटावा. पण दाजींच्या आणेनं माझी जीभ बांधली होती. मी दाजींच्या गुडघ्याला गुडघा लावून दाबला. ते दगडासारखे बसले होते.

“पैलवान, साक्ष ऐकलीत,” साहेब म्हणाला. “हे बरोबर आहे? हजार मिळाले?”

नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. खिडकीत पोरं टाचा उंचावून उभी. आप्पासो दाजींकडं पाहत होते, गड्या सांभाळ म्हणून विनवल्यासारखे. दाजींच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत उतरला. टाक हातात धरून साहेब थांबला होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “आप्पासो.”

आक्का उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. शिपाई तिला मागं सारायला गेला तर तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“आप्पासो, तुमच्या कपाळाला नाथाचा भंडारा हाय. त्यावर हात ठिवा आन सांगा, हजार दिलं. तुमी हात ठिवून सांगितलं की मी रान सोडलं. मग ह्यो माणूस आन त्यानं कुठं घातलं ते हजार, माझं मी बघून घीन.”

आप्पासोंचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. सरकारी टेबलापुढं खोटं बोलणं वेगळं. नाथाचा भंडारा वेगळा.

“आप्पासो, ऱ्हाऊ द्या,” दाजी म्हणाले. “तुमी कशाला आण घेताय? माझं हाय ते मी सांगतो.”

ते उठून उभे राहिले. डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी काढला आणि साहेबाच्या टेबलाच्या कडेला ठेवला.

“दीडशे, साहेब. त्या जत्रंत दीडशे. कऱ्हाडात सव्वाशे. हजार कुणीच दिलं न्हाई, कवाच दिलं न्हाई.”

खिडकीपाशी कुणीतरी “आँ?” म्हणालं.

साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. “टॅक्स चुकवायला कुणीही कमी सांगेल, पैलवान. मी विश्वास का ठेवू?”

“कमी सांगंल, व्हय. पर पुढचं कोण सांगंल?” दाजींचा आवाज घोगरा झाला. “ह्यांनी दोनशे कबूल केलं हुतं. मी पन्नास सोडलं. मी म्हटलं, पन्नास कमी द्या पर हजार छापा. आकडा मी इकत घेतला साहेब. माझा दम सरत आला हुता. लोकास्नी कळू नये म्हणून घेतला. सासऱ्याला फशिवलं, बायकूला फशिवलं. ही चार वर्सं मला इचारतीय, बाकीचं कुठं जातंय. बाकीचं नव्हतंच. असतं तर दिलं नसतं व्हय हिला?”

साहेबानं टाक खाली ठेवला. मग त्यानं आप्पासोंना विचारलं, “हे खरं?” आप्पासोंनी मान खाली घातली आणि एकदाच हलवली. साहेबानं त्यांचा जबाब पुन्हा लिहून घेतला, अंगठा घेतला आणि दाजींना म्हणाला, “जा तुम्ही. तुमच्याकडं काही निघत नाही.” मग उभा राहून त्यानं तो फेटा स्वतःच्या हातानं उचलून दाजींना दिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

व्हरांड्यात पोरं नव्हती. आली तशी निघून गेली होती.

सातारा रोडला गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावर बसलो. दाजी एका टोकाला, आक्का दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. आक्कानंच विचारलं, “म्हंजी मिरजंत कोण न्हाई?”

“कोण असणार?”

“मी चार वर्सं सोमवार धरलं,” ती म्हणाली. “त्या बाईचं वाटोळं व्हावं म्हणून.”

“कुठल्या बाईचं?”

“मला काय ठावं तिचं नाव!” असं म्हणून तिनं कपाळावर हात मारला आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. रडता रडता हसतही होती बहुतेक. दाजी उठले, माझ्यावरून वळसा घालून पलीकडं गेले आणि तिच्याशेजारी बसले. मी उठून गाडी आली का ते बघायला गेलो. गाडीला अजून तासभर अवकाश होता.

रान वाचलं, पण कुस्ती गेली. गोष्ट जत्राजत्रांत पसरली. पंचांनी दाजींचं नाव टाकलं. ज्यानं साहेबापुढं आकडा उघडा पाडला, त्याला सुपारी कोण देणार? तालमीत पोरं पाठीमागं ‘दीडशे’ म्हणत. दाजी ऐकत आणि पोरांना डाव शिकवत राहत. मला मात्र एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटे.

पुढच्या चैत्रात नाथाची जत्रा आली. हँडबिलावर दाजींचं नाव नव्हतं. “देवाला जाऊन येतो,” म्हणाले. मला घेऊन गेले. आम्ही मैदानात कडेला, गर्दीत बसलो. कुस्त्या चालू होत्या, हलगी घुमत होती. मधेच केरबा नावाचा एक दांडगा पोरगा लंगोट लावून मैदानात फिरायला लागला. त्याचा जोड आलाच नव्हता. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या, कुणी हात देईना. गर्दी ओरडायला लागली. आप्पासो पंचांच्या बाकावर कावरेबावरे होऊन इकडंतिकडं बघत होते.

दाजींनी अंगातला सदरा काढून माझ्या मांडीवर टाकला.

“दाजी, वय काय तुमचं!”

“धर गड्या, मळू दिऊ नको.”

ते मैदानात उतरले तसा गलका झाला. कुणीतरी “दीडशे आला रं!” म्हणून ओरडलं. हसण्याची लाट उठली. पुकारणारा भांबावला, आप्पासोंकडं बघायला लागला. “इनाम काय पुकारू?”

“नारळ,” दाजी म्हणाले. “मोठ्यानं पुकार. नारळाची कुस्ती.”

नारळाची कुस्ती पोराटोरांची असते. तसंच पुकारलं गेलं. दाजींनी माती कपाळाला लावली आणि केरबाच्या हातात हात दिला.

ती कुस्ती किती वेळ चालली, मी सांगू शकत नाही. सुरुवातीला हसणारे हळूहळू गप्प झाले. पोरगा जोरकस होता, दाजींना तीनदा खाली घेतलं त्यानं, तीनदा दाजी पालथे पडून राहिले आणि सुटले. एकदा दाजींनी घिस्सा डाव मारला तेव्हा पोरगा जाता जाता वाचला. दोघांच्याही अंगाची नुसती माती झाली. दाजींच्या छातीचा भाता इथवर ऐकू येत होता. शेवटी आप्पासो स्वतः मैदानात आले, दोघांमध्ये उभे राहिले आणि दोघांचेही हात वर केले. बरोबरी. त्यांनी नारळ दगडावर फोडला, एक भकल केरबाला दिलं, एक दाजींना. देताना ते दाजींकडं बघू शकले नाहीत. दाजींनीच त्यांच्या पाठीवर मातीचा हात ठेवला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आक्का अंगणात म्हशीला वैरण टाकत होती. दाजींचा सुजलेला कान, खरचटलेली कोपरं तिनं पाहिली. दाजींनी फेट्याच्या पदरात बांधलेलं भकल सोडून तिच्या हातावर ठेवलं. दर साली दीडशे ठेवायचे तसंच. पण या वेळी ते गोठ्याकडं गेले नाहीत. तिथंच उभे राहिले.

आक्कानं भकल उलटसुलट करून पाहिलं.

“बाकीचं कुठं गेलं?” तिनं विचारलं.

“त्या पोराकडं,” दाजी म्हणाले. “बरोबरीत सुटली.”

आक्कानं मान हलवली. मग ती पायरीवर बसली, विळीच्या टोकानं खोबऱ्याचा एक तुकडा काढला आणि त्यांच्या तोंडात घातला.